पेशीतला कचरा आणि एकादशीचं नोबेल : आमच्याच एका भाषणाची उलटतपासणी



पत्रिकेत आजचा विषय 'वार्धक्य आणि मेंदू' असा छापला आहे. आम्ही तो जरा वळवून घेतला आहे. आज एका भाषणाची समीक्षा करायची आहे, आणि ते भाषण आमचंच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये इथंच, भंडाऱ्यात, ज्येष्ठ नागरिकांसमोर आम्ही उपवासावर बोललो होतो. त्याचं ध्वनिमुद्रण नातवाच्या फोनमध्ये सापडलं. पुन्हा ऐकलं तेव्हा त्यातल्या एका वाक्यावर टाळ्या पडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. ते वाक्य असं होतं : 'जपानच्या ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं, ते आपल्या एकादशीलाच मिळालं असं समजा.'

चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कसं निघालं, याचं आम्हाला आजही नवल वाटतं. टाळ्यांचा मोह, दुसरं काय! तेव्हा व्हॉट्सॲपवर हाच मजकूर फिरत होता. शेजारचे गृहस्थ फाटकाशी उभे राहून म्हणाले होते, 'सर, नोबेल भेटलं ना जी उपासाले!' आम्ही तेच शुद्ध मराठीत करून व्यासपीठावरून सांगितलं. भर म्हणून वर थोडं उपनिषद घातलं.

तर आधी मूळ गोष्ट काय आहे ती नीट बघू.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही लयकारिका वाचली असेल. पेशीतली एक लहानशी पिशवी, आत आम्ल आणि साठाच्या वर पाचक द्रव्यं. बेल्जियमचे क्रिस्तियन द दूव्ह यांनी १९५५ मध्ये ती ओळखली, १९७४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेशी स्वतःचाच काही भाग पडद्यात गुंडाळते आणि तो या पिशवीत नेऊन पचवते, या क्रियेला १९६३ मध्ये नाव दिलं तेही त्यांनीच : ऑटोफॅजी. मराठीत स्वभक्षण म्हणू. नाव मिळालं, पण पुढची तीसेक वर्षं ते कसं चालतं याचा फारसा पत्ता नव्हता.

योशिनोरी ओसुमी यांनी यीस्ट घेतलं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी ती बुरशी. तिच्या एकाच पेशीत लयकारिकेचं काम करणारी एक मोठी पोकळी असते. ओसुमींनी असं यीस्ट निवडलं की ज्याच्या पोकळीत पाचक द्रव्यंच नीट नव्हती, आणि मग त्याला उपाशी ठेवलं. युक्ती साधी आहे : पचवणारा नसेल आणि आणणारा आणतच राहिला, तर माल साठेल आणि दिसेल. काही तासांत ती पोकळी बारीक बारीक गोळ्यांनी भरून गेली. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नंतर हजारो बिघडलेल्या वाणांतून त्यांनी या कामाला लागणारी पंधरा जनुकं शोधली. नोबेल मिळालं ते या यंत्रणेच्या शोधासाठी. त्यात माणूस नव्हता. उपवास होता, पण बुरशीचा, आणि तोही यंत्रणा जागी करण्याची कळ म्हणून. एकादशीचा संबंध तिथं काडीचाही नाही. शिवाय आपली एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा, रताळी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलं आहे. उपासमार झाली असं पेशीला वाटावं तर पोटात पिष्टमय पदार्थ जाऊन चालत नाही. साबुदाणा तर नुसतं पिष्टच!

हे झालं पहिलं टीकास्थळ, आणि खरं सांगायचं तर सोपं. अशी चूक कुणीही पकडील. आमच्या भाषणातली दुसरी चूक आम्हाला जास्त टोचते, कारण ती एका शब्दात लपलेली आहे. 'कचरा' या शब्दात.

आम्ही तेव्हा म्हणालो होतो, पेशी कचरा बाहेर टाकते, म्हणून शरीर निर्मळ राहतं. आता आपल्याला भंडारेकरांना कचरा 'बाहेर टाकणं' म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत जातं, नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत येते आणि पुढं ते सगळं गोसीखुर्दच्या पाण्यात येऊन थांबतं. नागपूरच्या दृष्टीनं तो कचरा गेला. आपल्या दृष्टीनं तो आला. 'बाहेर' ही जागा प्रत्येकाच्या नकाशावर वेगळी असते.

पेशीला असं बाहेर टाकणं फार परवडत नाही, आणि ती मुख्यतः तसं करतही नाही. ती करते ते काम या गावाला कचऱ्याइतकंच चांगलं ठाऊक आहे. हे पितळेचं गाव. आमच्या लहानपणी आई फुटकी घागर, चेपलेला गंगाळ, बूड गेलेला तांब्या बाजूला काढून ठेवायची आणि कासाराकडं मोड म्हणून द्यायची. मोड भट्टीत जायची, रस व्हायचा, त्याच पितळेचा नवा तांब्या यायचा. वजनात थोडी घट, थोडी मजुरी. लयकारिका ही भट्टी आहे. जुनं, वाकडं झालेलं प्रथिन तिच्यात जातं, त्याची अमिनो आम्लं सुटी होतात आणि त्यांतूनच पेशी नवं प्रथिन घडवते. उकिरडा नव्हे, कासाराची भट्टी.

याशिवाय पेशीपाशी एक छोटं, एकेका प्रथिनापुरतं तोडयंत्रही आहे. मोडीत घालायच्या प्रथिनावर आधी एक खूण चिकटवायची आणि मग ते तोडायचं, अशी ती पद्धत. तिच्यासाठी २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. मोठे गोळे, अख्खी तंतुकणिका, हे त्या यंत्रात मावत नाही. ते भट्टीतच न्यावं लागतं.

शब्द बदलला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं. 'कचरा' म्हटलं की ओघानं 'सफाई' येते, सफाई म्हटलं की 'जितकी जास्त तितकी बरी' येतं, आणि तिथून डिटॉक्सचा काढा विकणाऱ्याचं दुकान फार लांब नसतं. 'मोड' म्हटलं तर वेगळे प्रश्न सुचतात. काय मोडायचं, किती, कुणी ठरवायचं, आणि नवं घडवायला हात आहेत का? चांगली भांडीही भट्टीत टाकणारं घर श्रीमंत होत नाही. कर्करोगाच्या काही गाठी याच स्वभक्षणावर तग धरतात. रक्तपुरवठा अपुरा पडला की त्या स्वतःचंच सामान मोडून खातात. म्हणून काही उपचारांत ते स्वभक्षण रोखून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. व्हॉट्सॲपच्या मजकुरात ही बाजू कधी येत नाही.

आता मेंदूकडं येऊ. इथं विषय खरोखर गंभीर होतो.

कातडीची पेशी, आतड्याची पेशी विभागत राहते. एकीच्या दोन झाल्या की तिच्यातला नको असलेला माल अर्धा अर्धा वाटला जातो. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींना ही सोय नाही. जी जन्माच्या आसपास मिळाली तीच सत्तर-ऐंशी वर्षं वापरायची. शिवाय तिची लांबी बघा. पाठीच्या कण्यातून पायाच्या अंगठ्याकडं जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू जवळजवळ मीटरभर असतो. पेशीचं मूळ धड फूटभर घागरीएवढं आहे असं कल्पिलं, तर हा तंतू पाच-सहा किलोमीटर लांब जाईल. भट्ट्या मुख्यतः घागरीजवळ. तंतूच्या टोकाला काही बिघडलं की ते गुंडाळून एवढी वाट चालून परत आणायचं. वाटेत गाडी अडली, की माल रस्त्यातच साठला.

म्हाताऱ्या चेतापेशींत सूक्ष्मदर्शकातून एक पिवळट-तपकिरी द्रव्य दिसतं, लिपोफुसिन. भट्टीत गेलेलं पण पुरतं न वितळलेलं, तसंच उरलेलं हे मळ. तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या डोक्यात आता ते आहे. आमच्या जरा जास्त असणार.

म्हणून प्रश्न असा : मोडणं थांबलं की मेंदू बिघडतो, की मेंदू बिघडला म्हणून मोडणं थांबतं? दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आम्ही सांगत असू. २००६ मध्ये जपानमधल्या दोन गटांनी याचं जे उत्तर दिलं ते आम्हाला फार सुंदर वाटतं. त्यांनी उंदरांच्या फक्त चेतापेशींतलं स्वभक्षणाचं एक जनुक बंद केलं. एका गटानं एक, दुसऱ्यानं दुसरं. कुठलंही रोगट प्रथिन बाहेरून घातलं नाही. तरी उंदीर अडखळू लागले, त्यांच्या चेतापेशींत प्रथिनांचे गोळे साठले आणि पेशी मेल्या. म्हणजे मोड थांबवणं एवढंच मेंदू बिघडवायला पुरेसं आहे. उंदरात, निदान.

पण मंडळी, यातून उलट बाजू सिद्ध होत नाही. मोड थांबली की बिघडतं हे खरं, म्हणून मोड वाढवली की सुधारतं हे खरं नव्हे. बांधीत पाणी नसेल तर धान वाळतं, म्हणून धरणाचं दार बांधीवर उघडून द्यायचं का? पावसाळ्यात लाखांदूर-पवनीकडच्या माणसाला विचारा. आमच्या २०१७ च्या भाषणात ही उडी अशी सहज मारलेली आहे की ऐकताना लाज वाटली.

कंपवाताकडं, म्हणजे पार्किन्सनकडं बघा. तिथं पुरावा पुष्कळ बाजूंनी जमतो. तंतुकणिका बिघडली की पिंक-वन नावाचं प्रथिन तिच्यावर खूण करतं आणि पार्किन नावाचं प्रथिन त्या खुणेवर येतं. मग ती भट्टीकडं रवाना होते. या दोहोंपैकी एकाचं जनुक जन्मतः बिघडलेलं असेल तर तरुणपणीच कंपवात येऊ शकतो. दुसरा धागा गोशे नावाच्या बालपणापासूनच्या रोगाचा. लयकारिकेतल्या एका पाचक द्रव्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर तो होतो. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस निरोगी वाटतो, पण त्याला पुढं कंपवाताचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तरी अशा बहुतेकांना तो होतही नाही, हेही ध्यानात ठेवावं. आणि वय. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पारशी वसाहतींच्या पाहणीत लाखामागे सुमारे ३२८ जणांना कंपवात आढळला. आकडा दचकवणारा आहे, पण त्या समाजात वृद्धांचं प्रमाणच मोठं. आकडा वाचताना समाजाचं वय विसरलं की चुकीचं भूत उभं राहतं.

मुंबईचीच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मराठी पुस्तकांत फारशी वाचायला मिळत नाही. डॉक्टर नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांचं वर्णन प्रसिद्ध केलं. चालताना तोल जाणारे रुग्ण, आणि एक विशेष खूण : त्यांचे डोळे एका जागेवरून दुसरीकडं वळताना विलक्षण सावकाश वळत. त्या काळात कसलीही जनुकतपासणी हाताशी नव्हती. नुसतं समोर बसून रुग्णाच्या डोळ्यांकडं बघून हे लिहिलं गेलं. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, ते जनुक सापडलं. त्यात एक तीन अक्षरांचा तुकडा निरोगी माणसात साधारण बावीस वेळा येतो, या रोगात बत्तीस-तेहतीसच्या पुढं. तेवढ्या लांबलेल्या शेपटीमुळं प्रथिन नीट घडी पडत नाही, त्याचे गोळे होतात आणि ते मोडणं पेशीला जड जातं. याच कुळातला हंटिंग्टनचा रोग. त्याच्या माशा आणि उंदरांवरच्या प्रयोगांत केंब्रिजच्या रुबिन्सटाइन यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं की रॅपामायसिन देऊन स्वभक्षण वाढवलं तर रोगाचा जोर ओसरतो.

रॅपामायसिन हे ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून निघालेलं औषध. ते वेगळं काढणारे संशोधक सुरेंद्रनाथ सेहगल, आपल्याच उपखंडातले. २००९ मध्ये सहाशे दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबानं साठीच्या उंदरांना ते दिलं तर नर सुमारे ९ टक्के आणि माद्या १४ टक्के जास्त जगल्या. झालं, लगेच 'म्हातारपणावर औषध'! पण हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, प्रथिनं घडवण्याचा वेग कमी करतं, आणखीही काय काय करतं. आयुष्य वाढलं ते मोड वाढल्यामुळं की घडणावळ कमी झाल्यामुळं? त्या उंदरांच्या आयुष्यावरून एवढं वेगळं करून सांगता येत नाही.

उपवासानं मेंदूत तरी स्वभक्षण वाढतं का? २००४ मध्ये मिझुशिमा यांनी उंदरांना ४८ तासांपर्यंत उपाशी ठेवून पाहिलं. स्नायूंत, यकृतात ते वाढलेलं दिसलं, मेंदूत नाही. २०१० मध्ये दुसऱ्या गटानं वेगळ्या पद्धतीनं पाहिलं आणि म्हटलं, वाढतं. ज्या अवयवासाठी आम्ही उपवास सांगत होतो त्याच अवयवाबद्दल उंदरांतही एकमत नव्हतं. आणि हे दोन्ही निबंध आमच्या भाषणाच्या आधी छापून आलेले होते! झोपेचंही असंच. झोपेत मेंदू धुऊन निघतो हे २०१३ चं अमेरिकेतलं संशोधन आता प्रत्येक वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत असतं. २०२४ मध्ये लंडनच्या गटानं उंदरांत नेमकं उलटं मोजलं, हे त्याच पुरवणीत आम्हाला कुठं दिसलं नाही. झोप चांगलीच आहे, ती घ्या. कारण मात्र अजून भांडणात आहे.

आणि मग अल्झायमर. 'कचरा काढा, रोग जाईल' या विचाराची सर्वांत कडक परीक्षा तिथं झाली. लेकानेमॅब या औषधानं मेंदूतला अमायलॉइडचा साठा खरोखर उपसला. १८ महिन्यांनी रोगाची घसरण २७ टक्के मंदावली होती. मोठी वाटते ना? १८ गुणांच्या मापपट्टीवर हा फरक ०.४५ गुणांचा. शिवाय काहींच्या मेंदूला सूज, काहींच्या मेंदूत रक्तस्राव. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आम्ही त्याला कुचकामी म्हणत नाही. घसरण थोडी तरी मंदावणं ही या रोगात लहान गोष्ट नव्हे. पण साठा गेला आणि रोग राहिला, हे तर खरं. म्हणजे तो साठा आगीचं कारण थोडं होता आणि आगीची राख पुष्कळ, असं निदान आम्हाला तरी म्हणावंसं वाटतं. डॉक्टरांनी आम्हाला इथं खोडावं.

जरा विषयांतर करतो. पवनीला जगन्नाथ टेकडीचं उत्खनन १९६९-७० मध्ये झालं, स्तूपाचे अवशेष निघाले, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. बौद्ध परंपरेत नागसेन आणि मिलिंद राजाचा संवाद आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच की वेगळी, असा तिथला प्रश्न. आम्ही तो वर्षानुवर्षं आत्म्याच्या संदर्भात शिकवला. आता वाटतं, चेतापेशीला तो अक्षरशः लागू आहे. पेशी तीच, पण तिच्यातली बहुतेक प्रथिनं काही दिवसांत, काही आठवड्यांत बदललेली. टिकते ती सतत मोडून घडत राहिल्यामुळं. ज्या दिवशी काहीही मोडत नाही, त्या दिवशी तिचं म्हातारपण सुरू होतं. हे रूपक आहे, पुरावा नव्हे, हे आता आम्हालाच आम्ही बजावतो.

ही समीक्षा आज का, तेही सांगायला हवं.

२०१७ च्या त्या सभेत आमचे थोरले बंधू दुसऱ्या रांगेत होते. कंपवात होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. लेवोडोपाची गोळी दिवसातून चारदा, ठरलेल्या वेळी. पुढच्या ज्येष्ठात त्यांनी निर्जळी एकादशी धरली. भंडाऱ्याचा जून, पाऊस नाही, आणि पाणी नाही म्हणून गोळीही नाही. ही गोळी काही तासच पुरते. चुकली की शरीर लाकडासारखं आखडतं. ती अचानक सोडू नये असं डॉक्टर बजावून सांगतात ते उगीच नाही. संध्याकाळी न्हाणीच्या उंबऱ्यात दादा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याच्या बाकावर वहिनी आम्हाला म्हणाल्या, 'भाऊजी, तुमचंच भाषण आयकून त्यायनं धरली जी एकादशी. म्हणत होते, डोक्यातला कचरा निघते.'

दादा त्यानंतर पायांवर नीट उभे राहिले नाहीत. दीड वर्षानं गेले. गोळी चुकल्यामुळंच पडले, असं आम्ही सिद्ध करू शकत नाही. कंपवाताचा माणूस गोळी घेऊनही पडतो. आमच्या वाक्यामुळंच त्यांनी ती एकादशी धरली, हेही नाही. ते तरुणपणापासून वारकऱ्यांत बसणारे. पण कारणांची यादी करायला बसलो की त्यात ते टाळ्यांचं वाक्य येतं, आणि ते खोडायला आम्हाला कुठलाही तर्क सापडलेला नाही.

मागच्या महिन्यात वहिनींना विचारलं, हे सभेत सांगू का? त्या म्हणाल्या, सांगा. त्या अजून एकादशी धरतात. रक्तदाबाची गोळी मात्र सकाळी आठाला, पेलाभर पाण्याबरोबर घेतात, आणि त्यावर कुणाशी वाद घालत नाहीत. उपवास धरू की सोडू हा प्रश्न आता कुणी आम्हाला विचारू नये. ज्यांची गोळी वेळेवर चालू आहे, ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी तो आपल्या डॉक्टरला विचारावा.

डॉक्टर मंडळी मागच्या खुर्च्यांवर बसली आहेत. ०.४५ चा आकडा आणि आग-राखेचं आमचं म्हणणं, यांवर त्यांनी आधी बोलावं. ध्वनिक्षेपक तिकडं द्या.